क्लासची फी भरण्याआधी पिग्मीचा हिशेब ब्राउझरमध्ये मांडा

प्रश्न: मी बार्शीची. वय २४. बी.कॉम. आणि टॅली झालंय. तीन वर्षं एका पतसंस्थेत क्लार्क आहे, हातात १३ हजार पडतात. वेब डेव्हलपर व्हायचं मनात आहे. पुण्यातल्या एका क्लासने सहा महिन्यांच्या 'फुल स्टॅक' (दिसणाऱ्या पानापासून डेटाबेसपर्यंत सगळं) कोर्ससाठी ७५ हजार सांगितलेत. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणतात, हप्त्यांची सोयही आहे. ५ हजार भरून याच आठवड्यात सीट बुक करा, असा रोज फोन येतो. त्यासाठी नोकरी सोडून पुण्याला जावं लागेल. बाबा सोनं गहाण ठेवायला तयार आहेत. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी बोलताना अडखळते. घरी भावाचा जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. इंजिनीअर नसताना हे जमेल का? आणि कोड आता एआयच लिहितं म्हणतात, मग यात पडावं का?

उत्तर: सोनं गहाण ठेवू नका, सीट बुक करू नका आणि नोकरीही सोडू नका. निदान पुढचे तीन महिने तरी. या तीन महिन्यांत क्लासवर एक रुपयाही न घालता तुम्हाला दोन गोष्टी कळतील. एखादी चूक सापडेपर्यंत तास-दोन तास स्क्रीनसमोर बसणं तुम्हाला मानवतं का, ही पहिली. आणि पुढे पैसे घालायचेच झाले तर नेमके कशावर, ही दुसरी.

इंजिनीअर नसल्याने काही दारं बंद होतात, हे खरं आहे. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत बी.ई., बी.सी.ए., बी.एस्सी. अशा पदव्यांच्या अटी असतात आणि बी.कॉम.चा अर्ज तिथे बहुधा चाळणीतच अडकतो. त्यांच्यामागे वेळ घालवू नका. पण सहकारी बँका आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या लहान-मध्यम कंपन्या पुण्यात आहेत, कोल्हापूर-सांगलीकडेही आहेत. पिग्मी (रोज थोडी थोडी भरायची ठेव), आवर्ती ठेव, थकबाकी, डे-एंड (दिवसअखेरचा हिशेब) हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही असा माणूस त्यांना हवा असतो. कोड शिकलेली मुलं त्यांच्याकडे रांगेने येतात. संध्याकाळी कॅश का जुळत नाही हे कळणारी फार कमी. म्हणून आमचा सल्ला एका ओळीत असा: जे काम तुम्हाला आतून माहीत आहे, त्याचंच पहिलं प्रोजेक्ट करा.

आधी क्लासचं निकालात काढू. 'शंभर टक्के प्लेसमेंट' लेखी मागा. करारात बहुतेक वेळा 'प्लेसमेंट असिस्टन्स' एवढेच शब्द असतात, म्हणजे इंटरव्ह्यूचे कॉल देण्याचं आश्वासन. नोकरी लागली नाही तर फी किती परत, किती दिवसांत, आणि त्यासाठी हजेरीची वा परीक्षेची अट काय, हे कागदावर नसेल तर ते आश्वासन नाहीच असं धरा. मागच्या दोन बॅचमधल्या चार-पाच जणांशी तुम्हाला स्वतः बोलू द्या म्हणावं. हप्त्यांची सोय नीट वाचा: ते बहुतेकदा एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लासला रक्कम एकदम मिळून जाते. पुढे क्लास बंद पडला किंवा तुम्ही दुसऱ्या महिन्यात सोडला, तरी हप्ते चालूच राहतात आणि थकले तर सिबिल स्कोअर तुमचा पडतो. पतसंस्थेत बसून तुम्ही असे कागद रोज बघता. स्वतःच्या वेळीही तितक्याच कठोरपणे बघा. सगळे क्लास वाईट असतात असं नाही. काहींना वेळापत्रक आणि कोणीतरी पाठीशी असण्याचा खरोखर उपयोग होतो. पण एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (त्याचं रूप) आणि जावास्क्रिप्ट (त्यातली हालचाल आणि हिशेब) यांचा पाया मोफत मिळत असताना त्यासाठी ७५ हजार देण्यात अर्थ नाही.

लॅपटॉप सुरुवातीला चालेल. पहिल्या तीन महिन्यांत लागतो तो एक ब्राउझर आणि व्हीएस कोड (कोड लिहायचा मोफत एडिटर), आणि क्रोमचे चार-पाचच टॅब उघडे ठेवले तर ४ जीबीत हे दोन्ही चालतं. त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून २५६ जीबीची एसएसडी बसवा. त्या मशीनवर सर्वांत जास्त फरक याच बदलाने पडतो. सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र चालवायची वेळ आली की ८ जीबी किमान, १६ असेल तर उत्तम. पैसे बाजूला टाकायचे असतील तर त्यासाठी टाका. संस्थेच्या कॉम्प्युटरवर मात्र हा सराव करू नका.

पहिले सहा आठवडे एचटीएमएल आणि सीएसएसला द्या. सकाळी दीड-दोन तास आणि रविवारी चार, म्हणजे आठवड्याला १३ ते १६ तास पडतात, तेवढे पुरतात. फ्रीकोडकॅम्प किंवा द ओडिन प्रोजेक्ट या मोफत शिकवणाऱ्या साइट, दोन्हींपैकी एकच निवडा आणि शेवटपर्यंत न्या. अडलं की एमडीएन (वेबच्या भाषांचा ऑनलाइन संदर्भग्रंथ) उघडायचं. व्हिडिओ बघायला हरकत नाही, पण बघून झाल्यावर तो बंद करून तेच पान कोऱ्या फाइलपासून स्वतः लिहायचं. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि रिकाम्या फाइलसमोर हात थांबतो. हात कुठे थांबला तेच शिकायचं राहिलेलं असतं.

पहिलं पान एका काल्पनिक पतसंस्थेचं करा: वर नाव, ठेवींच्या व्याजदराचा तक्ता, शाखेची वेळ आणि खाली चौकशीचा फॉर्म. एवढ्यात बरंच शिकून होतं. तक्त्यासाठी टेबल टॅग, प्रत्येक इनपुटला त्याचं लेबल, आणि हेडर-मेन-फूटर असे नावाचे टॅग; सगळीकडे डिव्ह (निनावी चौकट) टाकत सुटू नका. पान मराठी असल्याने वर भाषा 'एमआर' (इंग्रजीत mr) लिहा आणि कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवा. इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (फोनच्या रुंदीइतकं पान दाखव, असं सांगणारा) विसरला की मोबाइल ते पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद समजून आक्रसून दाखवतो आणि अक्षर मुंगीएवढं होतं. ३६० पिक्सेल रुंदीवर पान आडवं सरकवावं लागत नाही ना, हे रोज तपासा. फोनवरून काढलेला ४-५ एमबीचा फोटो तसाच चढवू नका. १२०० पिक्सेल रुंदीचा, वेबपी प्रकारचा, २०० केबीच्या आत बसवा. तालुक्याच्या गावातलं नेटवर्क तुम्हाला माहीतच आहे.

गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) पहिल्या आठवड्यापासून वापरा. रोजचं काम संपलं की एक कमिट (अशी एक नोंद) आणि त्यात काय बदललं याची एक ओळ. काम गिटहब या साइटवर चढवलं की गिटहब पेजेसवरून तेच पान मोफत लाइव्ह होतं. इथे नवख्यांचं हमखास अडतं ते असं: घरी पान छान दिसतं आणि लाइव्ह केल्यावर फोटो गायब. विंडोजला फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखीच वाटतात, तिथल्या सर्व्हरला नाही. म्हणून सगळ्या फाइलींची नावं लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. फोटोचा पत्ता तुमच्या सी ड्राइव्हपासून सुरू होत असेल तर तो जगात दुसऱ्या कुणाच्याही मशीनवर सापडणार नाही. मुख्य फाइलचं नाव इंडेक्सच हवं.

मग जावास्क्रिप्ट, आणि इथे घाई करू नका. बारा आठवडे द्या. या काळात रिॲक्टकडे (जावास्क्रिप्टवर उभारलेली लायब्ररी) वळायचा मोह होईल, कारण जाहिरातींत तेच नाव दिसतं. पण ॲरे, ऑब्जेक्ट, फंक्शन, इव्हेंट आणि फेच (बाहेरून माहिती मागवणं) पक्कं नसताना रिॲक्ट घेतलं, की चूक जावास्क्रिप्टची आहे का रिॲक्टची हेच कळत नाही आणि मुलं तिथेच सोडून देतात.

आता तुमचं प्रोजेक्ट. टू-डू लिस्ट आणि प्रसिद्ध साइटची नक्कल हजारो रेझ्युमेंवर असते. तुम्ही पिग्मीचा कॅल्क्युलेटर करा: रोजचा भरणा, दिवस आणि व्याजदर दिला की जमा रक्कम आणि व्याज सांगणारा. दिसायला ते अगदी छोटं आहे, पण आकडे मांडून बघा. रोज ५० रुपये, ३६५ दिवस, दर ४ टक्के, सरळ व्याज रोजच्या शिलकेवर. जमा होतात १८,२५० रुपये. नवखा प्रोग्रामर त्याच्यावर ४ टक्के लावून ७३० रुपये व्याज दाखवतो. ते चूक आहे, कारण शेवटच्या दिवशी भरलेले ५० रुपये वर्षभर खात्यात नव्हते. रोजच्या शिलकांची बेरीज करून ४ टक्क्यांनी गुणलं आणि ३६५ ने भागलं, की बरोबर ३६६ रुपये येतात. तेही भरल्या दिवसापासून व्याज मोजलं तर. तुमच्या लूपमध्ये (तेच काम दिवसागणिक पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये) एका दिवसाची गफलत झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू झाली, तर उत्तर ३६४ येईल. दोन रुपयांचा हा फरक म्हणजे प्रोग्रामिंगमधली जुनी, नेहमीची चूक आहे, आणि ती तुम्हाला पकडता येईल, कारण उत्तर काय यायला हवं ते तुम्ही वहीवर काढू शकता. ३६६, ३६४ आणि ७३० हे तीन आकडे आणि प्रत्येकाचं कारण प्रोजेक्टच्या रीडमी (ओळख लिहायच्या) फाइलमध्ये लिहून ठेवा. मध्येच काढून घेतलेल्या रकमेचं, मुदतपूर्व बंद केलेल्या खात्याचं, खाडे झालेल्या दिवसांचं काय, हे पुढे एकेक करून वाढवा.

याच छोट्या प्रोजेक्टमध्ये तुम्हाला जावास्क्रिप्टचे सगळे ठेचाळण्याचे दगड भेटतील. इनपुटमधून आलेलं ५० हे अंक नसून मजकूर असतं. दोन भरण्यांची बेरीज केली तर १०० ऐवजी ५०५० दिसेल, म्हणून आधी त्याचा नंबर करून घ्यावा लागतो. कुणी मराठी कीबोर्डवर देवनागरीत ५० टाइप केलं तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटतच नाही आणि उत्तरात 'एनएएन' (म्हणजे 'हा अंक नाही') येतं. त्यासाठी इनपुट साध्या मजकुराचं ठेवून फोनवर फक्त अंकांचा कीबोर्ड उघडायला सांगा, आणि वाचताना दहाही देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्या. बार्शीत वापरायचं ॲप असेल तर ही सोय वाढीव नाही, मूळ कामाचाच भाग आहे. पैशांचा हिशेब दशांशात करू नका. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेवटी नको ते अंक चिकटतात. सगळं पैशांत, म्हणजे ५० रुपयांचे ५००० पैसे करून पूर्णांकात मोजा आणि दाखवताना शंभरने भागा. लाख-कोटींचे स्वल्पविराम हाताने टाकायची गरज नाही. इंटल नंबरफॉरमॅट या जावास्क्रिप्टच्या तयार सोयीला भारतीय इंग्रजी लोकेल (भाषा-देशाची खूण) दिलं की १८,२५० आणि १,००,००० बरोबर पडतात, मराठी लोकेल दिलं तर अंकही देवनागरी होतात.

तारखेचा घोटाळा तर प्रत्येक हिशेबनिसाने बघावा असा आहे. तुम्ही १ एप्रिलच्या मध्यरात्रीची तारीख बनवली आणि ती आयएसओ स्वरूपात साठवली, की ती ३१ मार्च होऊन बसते. कारण ते स्वरूप जागतिक वेळेत लिहिलं जातं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. आपली मध्यरात्र म्हणजे तिथले आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. भरणा मागच्या आर्थिक वर्षात गेला! म्हणून व्यवहाराची तारीख वर्ष-महिना-दिवस अशी नुसती तारीख म्हणून ठेवा, वेळेसकट नको. आणि महिन्यांची मोजणी शून्यापासून होते, एप्रिल म्हणजे ३, हे लक्षात असू द्या.

आणखी दोन अडचणी तुम्हाला पहिल्याच महिन्यात गाठतील. बटणावर क्लिक लावायला गेलात आणि 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' असं लाल अक्षरांत आलं, तर बहुधा स्क्रिप्ट पान पूर्ण तयार व्हायच्या आधी धावली आहे. स्क्रिप्ट टॅगला डिफर (पान तयार होईपर्यंत थांब, ही सूचना) लावा. दुसरी अडचण फेचची. फाइलवर डबल क्लिक करून उघडलेल्या पानातून शेजारची जेसन (माहिती साठवायची) फाइल वाचता येत नाही, त्यासाठी व्हीएस कोडचं लाइव्ह सर्व्हर एक्स्टेन्शन वापरा. आणि सर्व्हरने ४०४ ('पान सापडलं नाही') पाठवला तरी फेच त्याला चूक मानत नाही, त्यामुळे उत्तर 'ओके' आहे का हे तुम्हीच तपासायचं असतं.

एक गोष्ट ठामपणे सांगतो: प्रोजेक्टमध्ये संस्थेच्या एकाही खातेदाराचं खरं नाव, खाते क्रमांक किंवा मोबाइल नंबर येता कामा नये. सरावासाठीसुद्धा नाही. ती माहिती लोकांनी संस्थेला विश्वासाने दिलेली आहे, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही तिच्यासाठीच आहे. वीस काल्पनिक खातेदार स्वतः तयार करा.

एआयबद्दलची तुमची शंका रास्त आहे. साधं पान, साधा फॉर्म, ठरावीक नमुन्याचा कोड ही कामं आता ती साधनं मिनिटांत करतात, आणि पूर्वी नेमकी हीच कामं फ्रेशरला शिकता शिकता मिळत. त्यामुळे पहिली नोकरी आधीपेक्षा अवघड झाली आहे. पण पिग्मीचं उदाहरण पुन्हा घ्या. एआयला 'पिग्मीवरचं व्याज काढून दे' असं मोघम सांगितलं तर ते ७३० चं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देऊ शकतं. ते चूक आहे हे ओळखणारं कोणीतरी खुर्चीत लागतंच. म्हणून पहिले तीन महिने स्वतःला एक नियम घालून घ्या: कोड एआयकडून लिहून घ्यायचा नाही. एररचा अर्थ विचारा, आपला कोड दाखवून 'यात कुठे चुकू शकतं' असं विचारा, एखादी संकल्पना मराठीत समजावून घ्या. तीन महिन्यांनंतर लिहूनही घ्या, पण न समजलेली ओळ प्रोजेक्टमध्ये राहू देऊ नका. इंटरव्ह्यूत स्क्रीन शेअर करायला लावून 'हा व्याजदर सहा महिन्यांनी बदलतो असं करा' म्हणतात, आणि उसना कोड तिथे पाच मिनिटांत उघडा पडतो.

इंग्रजीचं दडपण कमी करा. इथे लागतं ते वाचायचं इंग्रजी, आणि तेही ठरावीक शब्दांचं. रोज एमडीएनचं एक पान पूर्ण वाचा. एरर आली की ती जशीच्या तशी वहीत उतरवा आणि खाली मराठीत कारण लिहा. दोन-तीन महिन्यांत बहुतेक एरर ओळखीच्या होतात. बोलण्यासाठी एकच तयारी: आपलं प्रोजेक्ट दोन मिनिटांत इंग्रजीत सांगणं. काय करतं, कोणासाठी, कुठे अडलं, कसं सोडवलं. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. लहान कंपन्यांत बरीचशी चर्चा मराठी-हिंदीतच होते, पण ईमेल आणि कागदपत्रं इंग्रजीत असतात, तेव्हा लिहिण्याचा सराव सोडू नका.

जावास्क्रिप्टचे बारा आठवडेही झाले, कॅल्क्युलेटर लाइव्ह झाला आणि अजूनही सकाळी उठून बसावंसं वाटतंय, तर पुढचा टप्पा सर्व्हर आणि डेटाबेसचा. भाषा कोणती, हे कुणाला विचारून ठरवू नका. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवरून बँकिंग व सहकार क्षेत्राच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या तीस जाहिराती काढा, प्रत्येकीत मागितलेली भाषा आणि डेटाबेस एका शीटमध्ये भरा आणि जे सर्वांत जास्त वेळा येईल ते घ्या. डॉटनेट, जावा, पीएचपी किंवा नोड, यांपैकी काहीतरी वर येईल. एकदा ठरलं की वर्षभर बदलायचं नाही. एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) मात्र काहीही आलं तरी लागणारच, आणि तिथे तुमचं बी.कॉम. कामाला येतं. खात्यात नुसती शिल्लक साठवू नका, प्रत्येक व्यवहाराची नोंद साठवा आणि शिल्लक त्यातून काढा. चुकलेली नोंद पुसायची नाही, उलट नोंद टाकून दुरुस्त करायची. रकमेचा प्रकार डेसिमल (यात दशांश नेमका साठतो) ठेवा, फ्लोट (यात तो अंदाजे साठतो) नको. नावे आणि जमा या दोन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका, म्हणजे मध्येच लाइट गेली तर दोन्ही होतील किंवा एकही नाही. नेटवर्क अडकलं म्हणून एजंटने बटण दोनदा दाबलं तर एकच पावती दोनदा चढू शकते. पावती क्रमांकावर युनिकचं बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा चालणार नाही) घातलं की ते थांबतं.

या टप्प्यावरच्या दोन चुका महागात पडतात. डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआयची (दुसऱ्या सेवेशी जोडून घ्यायची) किल्ली कोडमध्ये लिहून गिटहबवर चढवणं, ही पहिली. पुढच्या कमिटमध्ये ती पुसली तरी जुन्या इतिहासात दिसत राहते, म्हणून ती किल्ली रद्द करून नवीच घ्यावी लागते. पासवर्ड असलेली एन्व्ह फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत) पहिल्या दिवशीच टाका. दुसरी चूक म्हणजे वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या सूचनेत) जोडणं. त्यातून बाहेरचा माणूस अख्खं टेबल वाचू शकतो. पॅरामीटर वापरा, म्हणजे तो मजकूर क्वेरीपासून वेगळा पाठवा. आणि लोकांचे पासवर्ड उघडे साठवू नका, बीक्रिप्टने हॅश करा, म्हणजे उलट वाचता न येणाऱ्या रूपात ठेवा.

याला आणखी पाच-सहा महिने लागतील. म्हणजे सुरुवातीपासून साधारण दहा ते बारा महिन्यांनी अर्ज करण्याजोगी तयारी होते. रेझ्युमे एका पानाचा. सर्वांत वर लाइव्ह लिंक आणि गिटहब, त्याखाली पतसंस्थेतली तीन वर्षं आणि तिथे कोणकोणती कामं केलीत त्याच्या चार ठोस ओळी, आणि त्याखाली शिक्षण. लिंक पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. पाठवताना कंपनीच्या नावाने दोन वाक्यं लिहा: मी पतसंस्थेत काउंटरवर काम केलंय, आणि पिग्मीच्या व्याजाचा हिशेब असा मांडलाय. शंभर ठिकाणी तोच रेझ्युमे ढकलण्यापेक्षा अशा वीस अर्जांतून जास्त फोन येतात. तुमच्या संस्थेत जे सॉफ्टवेअर आहे त्याच्या सपोर्टवाल्यांशी बोलणं असेल, तर त्यांच्याकडे सपोर्ट किंवा टेस्टिंगची जागा निघते का तेही विचारा. त्या दारातून आत जाऊन वर्षा-दोन वर्षांत डेव्हलपमेंटला जाता येतं, आणि तुमच्या अनुभवाला तो रस्ता सर्वांत जवळचा आहे.

पुण्यात तुम्हाला कुणीतरी 'दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो' म्हणेल, पैसे घेऊन एक्सपीरियन्स लेटर आणि सॅलरी स्लिपही देईल. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यूएएनवरचा (पीएफच्या कायमच्या क्रमांकावरचा) पीएफचा इतिहास आणि बँकेत जमा झालेले पगार बघतात. नोकरी लागल्यानंतर सहा महिन्यांनी जरी उघड झालं तरी ती जाते, आणि तुमची खरी तीन वर्षंही मग कुणाला खरी वाटत नाहीत. नोकरी देण्यासाठी डिपॉझिट मागणाऱ्यांना आणि मूळ मार्कशीट ठेवून घेणाऱ्यांनाही तिथल्या तिथे नकार द्या.

फ्रेशरचा पहिला पगार लहान कंपनीत साधारण महिना १५ ते २५ हजारांच्या घरात धरा. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, मेस आणि येणं-जाणं यातून वजा केलं, तर पहिलं वर्ष हातात आत्ताइतकेच किंवा त्याहून कमी उरतील. घरी हे आधी सांगून ठेवा. गावात एखाद्या दवाखान्याची किंवा दुकानाची वेबसाइट करून द्यायचं काम मधल्या काळात मिळालं तर जरूर घ्या, पण डोमेन त्यांच्याच नावाने आणि त्यांच्याच ईमेलवर घ्या. दुसऱ्या वर्षीचं नूतनीकरण पहिल्या वर्षापेक्षा बरेचदा महाग असतं, तो आकडा सुरुवातीलाच लिहून द्या. अर्धी रक्कम आधी घ्या, आणि बदल किती वेळा करून देणार तेही ठरवून टाका.

राजीनामा मात्र ऑफर लेटर हातात आल्यावरच. त्यावर पगार, रुजू होण्याची तारीख आणि बाँड असेल तर त्याची मुदत व रक्कम वाचून घ्या आणि ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आला आहे ना ते बघा. पतसंस्थेकडून रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला आणि पीएफ कापला जात असेल तर यूएएन घेऊन मगच निघा. नव्या कंपनीत पहिल्या दिवशी हेच कागद मागतात. आणि क्लासचा आज पुन्हा फोन आला, तर तीन महिन्यांनी स्वतःहून फोन करते, एवढंच सांगा.